झाडांच्या जमिनीत ट्रॅक्टर केवढा घ्यावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

त्र्यंबक, पेठ, इगतपुरी या डोंगराकडच्या पट्ट्यातून लहान ट्रॅक्टरबद्दल बरीच पत्रं आली आहेत. द्राक्षबागेच्या सपाट जमिनीत चालतं ते गणित इथे चालत नाही, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: हरसूलच्या पुढे आमची सात एकर जमीन आहे. तीन एकरांत सोळा-सतरा वर्षांचा साग, दोन एकर केशर आंबा, ओहळाच्या काठाने बांबू आणि बाकी चढ-उताराचं माळरान. सागाची विरळणी, बांबू खाली रस्त्यापर्यंत आणणं, शेणखत वर चढवणं, घाणेरी काढणं आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) साफ करणं एवढी कामं आहेत. शोरूमवाले सांगतात ३५ एचपीच्या खाली बघूच नका. भावकीत सगळ्यांकडे ४५ एचपी आहे. लहान घेतला तर पस्तावू का?

उत्तर: एचपीचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. झाडांच्या जमिनीत ट्रॅक्टर अडतो तो बहुधा तीन कारणांनी. एक तर तो मावत नाही, किंवा त्याची चाकं जागेवर फिरतात, किंवा कलंडेल या भीतीने तिथे नेताच येत नाही. इंजिनाची ताकद कमी पडणं हे चौथं कारण, आणि ते क्वचित घडतं.

आधी टेप घेऊन रानात फिरा. ३५ ते ४५ एचपीचा नेहमीचा ट्रॅक्टर बाहेरच्या बाजूने साडेपाच फुटांच्या आसपास रुंद असतो. बागेसाठी बनवलेले २० ते २८ एचपीचे ट्रॅक्टर साडेतीन ते चार फुटांत बसतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मोकळं हवं, कारण उतारावर चाक सरकतं आणि सागाची साल एकदा सोलली की तिथून कीड-बुरशी शिरते. म्हणजे लहान ट्रॅक्टरला सात फूट वाट लागेल, मोठ्याला साडेआठ-नऊ. तुमचा साग दोन बाय दोन मीटरवर लावलेला असेल, तर ओळींमधून कुठलाच ट्रॅक्टर नेऊ नका. विरळणी करताना दर सहाव्या-सातव्या ओळीतली झाडं काढून एक कायमची वाट पाडा आणि मधला माल दोराने वाटेपर्यंत ओढून आणा. सगळ्या रानात चाकं फिरली की माती दाबली जाते. मुरमाड जमिनीत आधीच थोडी असलेली पाणी मुरण्याची जागाही त्याने जाते.

आता ओढीचा हिशेब. तुमची वाट दर शंभर फुटाला पंधरा फूट चढते असं धरू. रिकामी लहान ट्रॉली ४५० किलो, त्यात शेणखत १,०५० किलो, मिळून दीड टन. ट्रॅक्टर ९५० किलो. असे एकूण २,४५० किलो चढवायचे आहेत. चढासाठी वजनाचा १५ टक्के आणि मुरमाच्या कच्च्या वाटेवर चाकं लोटायला साधारण ६ टक्के मिळून २१ टक्के, म्हणजे सुमारे ५१५ किलो ओढ लागेल. ताशी ४ किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला साडेसात एचपी पुरतात. चाकांची घसर आणि गिअरमध्ये जाणारी ताकद धरून दुप्पट केलं, तरी पंधराच होतात.

पण ही ओढ चाकांनी जमिनीला धरून द्यायची असते. कोरड्या मुरमावर चाक आपल्यावरच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के ओढ देतं, पावसाळ्यात ओल्या मातीवर ३० टक्क्यांपर्यंत खाली येतं. फक्त मागची चाकं ओढणाऱ्या ९५० किलोच्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यावर सुमारे ६०० किलो असतात. ट्रॉलीच्या दांडीचे १५० धरून ७५० होतात. त्यातून ओढ मिळेल जेमतेम ३४० किलो. तो ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत माती उकरत उभा राहील. चारही चाकं ओढणारा त्याच वजनाचा ट्रॅक्टर ४९५ किलोपर्यंत जाईल. म्हणजे त्यालाही हा माल काठावरचा आहे. खत ६०० किलोवर आणलंत, तर तोच ट्रॅक्टर कोरड्या दिवसात आरामात चढेल.

आता भावकीतला ४५ एचपीचा दोन चाकं ओढणारा ट्रॅक्टर याच वाटेवर बघा. त्याचं स्वतःचं वजन १,९०० किलो, म्हणजे लागणारी ओढ ७१४ किलोवर गेली. मागच्या चाकांवर दांडीसह १,३५० किलो धरले, तर मिळणारी ओढ साधारण ६०० किलो. चढावर थोडं वजन मागे सरकतं, त्याने फरक पडतो, पण हिशेब पालटत नाही. ४५ एचपी असूनही चाकं फिरतील, आणि फिरलीच तर खड्डाही मोठा पडेल.

म्हणून तुमच्या जमिनीला आमचं स्पष्ट मत असं: २४ ते २८ एचपी, चारही चाकं ओढणारा, वजन ९०० ते १,१०० किलो, रुंदी चार फुटांच्या आत आणि डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असलेला ट्रॅक्टर बघा. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा बी २४४१, जॉन डिअर ३०२८ ईएन ही या ताकदीच्या आसपासची नावं. वजन, रुंदी आणि पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची) ताकद तिघांची वेगळी आहे, म्हणून तिन्ही माहितीपत्रकं समोर ठेवून आकडे ताडा. ट्रॉली सहा बाय चार फुटांचीच ठेवा. सपाटीवरची नांगरट भावकीच्या ट्रॅक्टरने भाड्याने करून घ्या. वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी साडेपाच फुटांचा ट्रॅक्टर बाळगू नका.

२४ एचपीच्या खाली का नाही? ते घाणेरीमुळे. झुडपं कापणाऱ्या स्लॅशरला गवतासाठी दर फुटाला पीटीओवर ५ एचपी धरतात. चार फुटी स्लॅशरला २० एचपी लागले. कोवळ्या फांद्यांपर्यंत ते चालतात, मनगटाएवढ्या खोडांना वेग कमी करून दोनदा फिरावं लागतं. इंजिनाच्या एचपीपैकी सगळे पीटीओपर्यंत पोहोचत नाहीत. दोन कंपन्यांच्या २४ एचपीच्या ट्रॅक्टरांत पीटीओवर चार-पाच एचपींचा फरक पडू शकतो. विक्रेत्याला पीटीओ एचपी विचारा, आणि मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा अहवाल मागा. पीटीओची मोजलेली ताकद, ओढ, उचल आणि वळायला लागणारी जागा, सगळं त्यात असतं. उचलीचा आकडा वाचताना एक बघा. लहान ट्रॅक्टरची ७५० किलो उचल ही मागे अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या, म्हणजे लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन त्याहून दोन फूट मागे असतं आणि तिथे उचल बरीच कमी भरते.

स्लॅशर वापरायचा नसेल आणि वाट शंभराला आठ-दहापेक्षा जास्त चढत नसेल, तर महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ सारखा १५ एचपीचा, दोन चाकं ओढणारा ट्रॅक्टरही खत आणि बांबू ओढेल. तुमच्या वर्णनावरून मात्र तो पुरणार नाही.

बांबूबद्दल एक. वीस फुटी बांबू सहा फुटी ट्रॉलीतून चौदा फुटांपर्यंत मागे येतात. वळणावर ते शेपूट बाहेरच्या बाजूला फेकलं जाऊन आंब्याच्या खोडांवर आपटतं. बुंध्याकडची जड बाजू पुढे ठेवा, दोन जागी आवळा आणि वळणं मोठी घ्या. जमत असेल तर रानातच मागणीच्या मापाने तुकडे करा.

प्रश्न: उतार किती आहे हे मोजायचं कसं? आणि आडव्या उतारावर लहान ट्रॅक्टर कुठपर्यंत न्यावा? (पेठ)

उत्तर: गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हलची नळी आणि दहा फुटी सरळ बांबू घ्या. बांबूचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक नळीने समपातळीत आणा आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. दहा फुटाला एक फूट भरलं तर उतार १० टक्के, दीड फूट भरलं तर १५. वाटेवर दर पन्नास पावलांवर मोजा आणि सगळ्यांत वाईट जागेचा आकडा धरा. सरासरी काढू नका, ट्रॅक्टर कलंडतो तो वाईट जागेवरच.

सरळ वर-खाली जाताना २० टक्क्यांपर्यंत, तेही कोरड्यात आणि ओझं बेताचं ठेवून. आडवं जाताना १५ टक्के ही आम्ही शेवटची मर्यादा धरतो, आणि खाली खुंट, दगड किंवा बिळं असतील तर १० टक्के. अरुंद ट्रॅक्टर झाडांत मावतो, पण आडव्या उतारावर तोच अरुंदपणा नडतो. डाव्या-उजव्या चाकांत अडीच फूट, म्हणजे तीस इंच अंतर असेल आणि वरच्या बाजूचं चाक सहा इंची खुंटावर चढलं, तर त्या एका खुंटाने २० टक्के कल वाढला. जमीन १५ टक्के कललेली असेल तर तुम्ही क्षणात ३५ टक्क्यांवर आहात. त्याच वेळी खालचं चाक खड्ड्यात गेलं तर सावरायला वेळ राहत नाही. गवतात दडलेला खुंट म्हणूनच सगळ्यांत घातक. वाटेवरचे खुंट जमिनीलगत आणि सपाट कापा. तिरका कापलेला सागाचा किंवा बांबूचा खुंट टायरमध्ये भाल्यासारखा घुसतो.

चाकांमधलं अंतर बदलता येत असेल तर वाट देईल तेवढं जास्त ठेवा. पिपाने पाणी वाहणं टाळा. अर्धं भरलेलं पीप आडव्या उतारावर डचमळतं आणि सगळं वजन खालच्या बाजूला जातं.

खाली येताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून सोडू नका. लहान ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. ती भरलेली असली की ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर त्याला आडवा करते. चारचाकी ओढ असेल तर उतरतानाही चालू ठेवा, म्हणजे पुढची चाकंही इंजिनाच्या धाकात राहतात. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं खिळीने जोडलेली आहेत ना, हे वाटेला लागण्याआधी बघा. उतारावर एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

प्रश्न: सागाचा ओंडका साखळीने ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर उचलली गेली. साखळी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) खुंटीला बांधली होती, कारण तिथून ओंडक्याचं तोंड जमिनीवरून सुटं राहतं. ट्रॅक्टर १५ एचपीचा आहे. पुढे वजनं लावली तर चालेल का? (पेठ तालुका)

उत्तर: नाही. आजपासून साखळी त्या खुंटीला बांधू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला बांधू देऊ नका. तुम्ही वाचलात ते साखळी सैल पडली म्हणून.

घडतं ते असं. ओंडका खुंटाला अडला की मागची चाकं पुढे जाऊ शकत नाहीत. इंजिन फिरवतच राहतं, मग चाकांऐवजी सगळा ट्रॅक्टर मागच्या धुऱ्याभोवती फिरू लागतो. साखळी धुऱ्याच्या वर बांधलेली असेल तर तिची ओढही त्याला मागेच खेचते. पुढची चाकं सुटल्यापासून ट्रॅक्टर चालकावर पालथा पडायला दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. कमी एचपीचा ट्रॅक्टर पलटत नाही ही समजूत चुकीची आहे, पहिल्या गिअरला १५ एचपीही त्याला पुरून उरतात. पुढची वजनं हा क्षण थोडा लांबवतात, टाळत नाहीत.

साखळी बांधायची ती मागच्या धुऱ्याच्या मध्यापेक्षा खाली, ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या पट्टीला. तोंड उचलून न्यायचं असेल तर खालच्या दोन लिंकमध्ये आडवी पट्टी घालून तिला बांधा, आणि लिंक एवढ्याच उचला की ओंडक्याचं तोंड वीतभर सुटं राहील. लिंक भरपूर वर घेतल्या तर बांधलेली जागा पुन्हा धुऱ्याच्या वर जाते आणि धोका तोच होतो. साखळी आखूड ठेवा, पण ओंडका मागच्या टायरला लागणार नाही इतकी. आठ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी दोन टनांच्या कामाला पुरते. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परततो, म्हणून ओढताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

ओंडका किती जड आहे याचा रानातला हिशेब सोपा आहे. मध्यावरचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग लांबीने आणि शेवटी ८० ने. ओल्या सागाचं वजन किलोत मिळेल. ९० सेंटिमीटर घेर आणि ३ मीटर लांबी असेल तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ३ गुणिले ८०, म्हणजे १९४ किलो. घेर १२० सेंटिमीटर झाला की तेवढ्याच लांबीचा ओंडका ३४५ किलोवर जातो. घेर तिसऱ्या हिश्श्याने वाढला आणि वजन पाऊणपटीने, इथेच अंदाज चुकतात. सादडा, खैर, धावडा असेल तर पाचव्या हिश्श्याने आणखी वाढवा. जमिनीवरून ओढायला कोरड्यात वजनाच्या साठ-सत्तर टक्के ओढ लागते, तोंड उचललेलं असेल तर अर्ध्याच्या आसपास. तुमच्या ट्रॅक्टरला सपाटीवर दोनशे किलोचा एक ओंडका ठीक. चढावर तो मधे कापूनच आणा.

निघण्याआधी ओंडक्याची धारदार कड कुऱ्हाडीने गोल करा, म्हणजे तो खुंटांना आपटून अडणार नाही. अडलाच तर पुढे झटका देऊ नका. क्लच दाबा, मागे घ्या, साखळी सैल करा आणि पहारीने ओंडका फिरवून मोकळा करा. ट्रॅक्टरला मागची लोखंडी कमान आणि सीटबेल्ट नसेल, तर ओंडके ओढायचं काम त्याला लावूच नये.

प्रश्न: निफाडच्या द्राक्षबागेतला सहा वर्षांचा, ३,२०० तास चाललेला २४ एचपीचा, चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर मिळतो आहे. दिसायला स्वच्छ आहे. आमच्या आंब्या-सागाच्या रानात चालेल का? काय तपासावं? (त्र्यंबकेश्वर)

उत्तर: चालेल. मात्र बागेतले तास आणि शेतातले तास सारखे नसतात. बागेत ट्रॅक्टरचा बराच वेळ फवारणीचा ब्लोअर फिरवण्यात जातो, म्हणजे इंजिन चढ्या फेऱ्यांवर आणि पीटीओ जोडलेला. त्यामुळे घासली जाते ती क्लच प्लेट आणि पीटीओची बाजू. पीटीओ शाफ्टवरचे सहा दाते बोटाने चाचपा. कडा धारदार लागल्या किंवा जोड हलवल्यावर खडखडला, तर झीज झाली आहे.

दुसरं म्हणजे फवारणी. गंधक, मोरचूद आणि इतर औषधांचा तुषार सहा वर्षं ट्रॅक्टरवर बसलेला असतो. धुऊन रंग मारला की वरून दिसत नाही. बॅटरीची टोकं, वायरींचे जोड, रेडिएटरच्या पापण्या, ब्रेकच्या सळ्या आणि सीटखालचे बोल्ट बघा. पापण्या बोटाने दाबल्यावर भुकटी होत असतील तर रेडिएटरचा खर्च किमतीतून वजा करा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मांडवाखाली शिरायला अडचण नको म्हणून मागची कमान काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेली असते. ती, तिचे मूळ बोल्ट आणि बेल्ट सौद्यातच मागून घ्या. गावात वेल्डिंग करून बनवलेली कमान त्याची जागा घेऊ शकत नाही, ट्रॅक्टर उलटताना ती वाकते.

टायर नीट बघा. चारचाकीत पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील असं प्रमाण कंपनीने बांधलेलं असतं. मालकाने पुढे वेगळ्या मापाचे किंवा नवे-जुने मिसळून टायर टाकले असतील तर पुढचा गिअर सतत ताणाखाली राहतो. तेच टायर घेऊन डांबरी रस्त्यावर चारचाकी ओढ लावून चालवलं असेल तर आतले दाते दुखावलेले असतात. पुढच्या चाकांच्या गुडघ्यांपाशी तेल पाझरतं का, हेही बघा.

ट्रॅक्टर बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. तो आधीच गरम करून ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू झाल्यावर तेलाचं झाकण उघडा. थोडा श्वास येणारच, पण धूर भसाभसा येत असेल तर रिंगा गेल्या. डिपस्टिकवरचं तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी आहे. लिफ्टवर दीड-दोनशे किलो वजन चढवा, इंजिन बंद करा आणि अवजाराची उंची मोजा. दहा मिनिटांत ते वीतभर खाली आलं तर लिफ्टच्या आतलं सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

घेतल्यावर रानात नेण्याआधी इंजिन आणि गिअरपेटीखाली पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा बोल्टने बसवून घ्या, तेल काढायच्या बुचांपाशी भोकं ठेवून. बागेचे ट्रॅक्टर बुटके असतात आणि एक खुंट तेलाची चेंबर फोडायला पुरतो. डिझेलची नळी आणि सायलेन्सर फांद्यांना लागणार नाहीत असे बघा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न: आंब्याच्या बागेत आणि लगतच्या रानात झुडपं काढायला रोटाव्हेटर वापरतो. दर वेळी पाती मोडतात. शाफ्टचा बोल्ट वारंवार तुटायचा म्हणून कठीण बोल्ट टाकला, तर आता गिअरपेटीतून आवाज येतो. मोठा ट्रॅक्टर घ्यावा लागेल का? (घोटी)

उत्तर: मोठ्या ट्रॅक्टरने आवाज आणखी लवकर येईल. तो बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. पातं खुंटाला अडकलं की दोन-चार रुपयांचा बोल्ट तुटावा आणि गिअरचे दाते वाचावेत, एवढंच त्याचं काम. कठीण बोल्टने ते काम गिअरवर ढकललं. पेटी उघडून दाते आणि बेअरिंग बघून घ्या. पुस्तिकेत दिलेल्या मापाचे आणि ग्रेडचेच बोल्ट टाका, खिशात दहा ठेवा.

मुळात हे काम रोटाव्हेटरचं नाही. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, ती तुटतात. आणि इगतपुरीच्या पावसात भुसभुशीत केलेली उताराची माती पहिल्याच आठवड्यात ओहळाला लागते. उभं गवत आणि झुडपं कापून जागेवरच आच्छादन म्हणून सोडायला स्लॅशर घ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकतील एवढ्या रुंदीचा. लहान ट्रॅक्टरला चार फूट पुरतो.

स्लॅशर घेताना पीटीओवर ओव्हररनिंग क्लच (अवजाराची फिरकी उलटी ट्रॅक्टरमध्ये येऊ न देणारा जोड) आहे का ते बघा. स्लॅशरची जड पाती क्लच दाबल्यावरही फिरत राहतात. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये तीच फिरकी उलटी गिअरपेटीत येऊन ट्रॅक्टरला दोन-तीन फूट पुढे ढकलते. समोर बांध किंवा झाड असेल तर काय होईल ते सांगायला नको. ड्युअल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर चाकं थांबवून पाती फिरती ठेवता येतात, दाट झाडीत त्याचा मोठा उपयोग होतो.

स्लॅशरला घसरता क्लच (पातं अडलं की घसरून गिअर वाचवणारा) असेल तर पावसाळ्यात त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात आणि तो घसरायचाच थांबतो. दिवाळीनंतर पहिल्यांदा लावण्याआधी स्प्रिंगांच्या नटांवर खूण करा, दोन फेरे सैल करा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून प्लेटा घसरू द्या आणि नट पुन्हा खुणेवर आणा. खूण न करता सैल केलात तर किती आवळायचं ते कळत नाही आणि पुन्हा तोच घोळ होतो.

घाणेरी नुसती कापून जात नाही, कापलेल्या बुडातून दुप्पट फुटते. स्लॅशरने वरचा पसारा काढा. पाऊस पडून माती मऊ झाली की एकेका बुंध्याचं मूळ मानेखाली दोन इंचांवर कुदळीने तोडा आणि बुंधा मुळं वर करून ठेवा, म्हणजे तो परत रुजत नाही. फळं काळी होण्याआधी हे काम उरका. पक्षी ती फळं खातात आणि बी सगळ्या रानात पेरतात.

फेब्रुवारी ते जूनमध्ये पाचोळ्यात स्लॅशर चालवायचा असेल तर दर तासाला थांबा. रेडिएटरच्या जाळीवर आणि सायलेन्सरभोवती साठलेला पाचोळा हाताने काढा. जाळी तुंबली की इंजिन तापतं, आणि सायलेन्सरवरचा पाचोळा पेटला की रानही जातं. दगडाला पातं लागून ठिणगी उडते, म्हणून पाण्याचा पाठीवरचा पंप ट्रॅक्टरवरच ठेवा आणि काम सकाळी दहाच्या आत आटपा. तेलातला एअर फिल्टर असेल तर त्या दिवसांत त्याची वाटी रोज उघडून बघा.

प्रश्न: गंगापूर धरणाच्या बाजूला दीड एकर घेतलं आहे. शंभरेक झाडं आहेत. आम्ही नाशिकहून शनिवार-रविवार जातो. १५ एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा की पॉवर टिलर?

उत्तर: दोन्ही नको. शंभर झाडांच्या दीड एकराला ४० ते ५० सीसीचा ब्रश कटर, सोळा इंची पट्टीचा चेन सॉ आणि एक चांगली हातगाडी पुरेल. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते, उंदीर वायरी खातात, टायर उन्हात तडकतात. वर्षातून एकदा खत आणायला गावातला ट्रॅक्टर सांगा. पॉवर टिलर सपाट मोकळ्या जमिनीचं यंत्र आहे. मुळं आणि दगड असलेल्या जागी तो हातातून उसळतो आणि खांदे भरून येतात.

प्रश्न: अनुदानासाठी काय करावं? ट्रॅक्टर पसंत केला आहे, पैसेही भरायच्या बेतात आहोत. (सुरगाणा)

उत्तर: थांबा, पैसे भरू नका. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करा. निवड झाल्यावर कागद चढवा आणि पूर्वसंमतीपत्र हातात आल्यावरच खरेदी करा. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान मिळत नाही, सगळ्यांत जास्त अर्ज इथेच अडकतात. तुम्हाला हवं असलेलं मॉडेल मंजूर यादीत आहे का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी करावी लागते, तिचे कागद विक्रेत्याकडून त्याच दिवशी घ्या.

सागाबद्दलही सांगून ठेवतो, कारण ट्रॅक्टर आला की तोड लगेच सुरू होते. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी सागाचं झाड १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि माल रस्त्यावरून न्यायला वनविभागाचा वाहतूक पास लागतो. खाजगी जमिनीतल्या बांबूचं तसं नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. तरीही वनाच्या हद्दीला लागून तुमची जमीन असेल, तर बांबू भरण्याआधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन वनपालांना जागा दाखवा आणि मगच ट्रॉली रस्त्याला लावा.